प्रोसेसचं प्राधान्य: एकाला वर चढवण्याआधी दुसऱ्याला खाली उतरवा

सर्व्हरवर बॅकअप सुरू झालं की वेबसाइट अडखळायला लागते. व्हिडिओ एन्कोड होत असताना एडिटरमध्ये टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला लावला की माउससुद्धा जड वाटतो. अशा वेळी बहुतेक जण 'माझ्या कामाचं प्राधान्य वाढवतो' म्हणून सरसावतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. उपाय जवळपास नेहमीच उलट्या बाजूला असतो. जे काम थोडं उशिरा झालं तरी चालणार आहे, त्याचं प्राधान्य उतरवायचं. त्याला रूटचे (मशीनच्या मुख्य प्रशासकाचे) अधिकार लागत नाहीत, मशीन गोठण्याची भीती नसते, आणि बाकीच्या सगळ्याच प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रॅमना, एकदम मोकळा श्वास मिळतो.

हा लेख मुख्यतः लिनक्सबद्दल आहे. विंडोज आणि मॅकओएसपुरतं शेवटी वेगळं लिहिलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्राधान्याने नेमकं काय बदलतं

प्राधान्य म्हणजे वेग नव्हे. एका कोअरवर (सीपीयूच्या एका स्वतंत्र भागावर) एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एक धागा, चालतो. चालायला तयार असलेले थ्रेड कोअरपेक्षा जास्त झाले की वाटणीचा प्रश्न येतो, आणि प्राधान्याचा आकडा फक्त या वाटणीत कामाला येतो. कोअर रिकामा असेल तर सगळ्यात खालच्या प्राधान्याची प्रोसेससुद्धा तो पूर्ण वापरते. म्हणूनच अवजड कामाला कायमचं खालचं प्राधान्य देऊन ठेवलं तरी निवांत वेळी ते रखडत नाही.

लिनक्समध्ये साध्या प्रोसेससाठी हा आकडा म्हणजे नाइस. तो -20 ते 19 या पट्ट्यात असतो, आणि काही सांगितलं नाही तर 0. आकडा जितका मोठा, तितकं प्राधान्य कमी. हे उलटं वाटतं, पण दोन-चार दिवसांत अंगवळणी पडतं.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक नाइस आकड्याला एक वजन देतो. 0 ला 1024, 1 ला 820, 5 ला 335, 10 ला 110 आणि 19 ला फक्त 15. दुसऱ्या टोकाला -5 चं वजन 3121 आणि -20 चं 88761. प्रत्येक पायरीला वजन साधारण सव्वापटीने बदलतं. एकाच कोअरवर दोन प्रोसेस झगडत असतील तर वेळ या वजनांच्या प्रमाणात वाटला जातो. 0 आणि 5 मध्ये झगडा असेल तर वाटणी सुमारे 75 आणि 25 टक्के. 0 आणि 10 मध्ये 90 आणि 10. 0 आणि 19 मध्ये साडेअठ्ठ्याण्णव आणि दीड.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महत्त्व आकड्यांमधल्या अंतराला आहे, आकड्याला नाही. 10 आणि 15 या दोन प्रोसेसमध्येही वाटणी 75-25 चीच होते, कारण अंतर पाचचंच आहे. सगळ्याच प्रोसेस -10 वर नेऊन ठेवल्या तर काहीच बदलत नाही.

इंगो मोलनार यांचा सीएफएस शेड्यूलर (सीपीयू कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग) 2007 मध्ये कर्नल 2.6.23 बरोबर आला. 2023 मध्ये कर्नल 6.6 पासून त्याची जागा पीटर झिल्स्ट्रा यांच्या ईईव्हीडीएफने घ्यायला सुरुवात केली. पुढचा नंबर कोणाचा हे ठरवायची रीत बदलली, वजनांचा तक्ता मात्र तोच राहिला. त्यामुळे वरचे आकडे दोन्हीकडे लागू पडतात.

पायरी 1: झगडा सीपीयूसाठीच आहे ना?

ही पायरी गाळू नका. मशीन संथ आहे म्हणजे सीपीयू कमी पडतोय असं नसतं. रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू झालं असेल, डिस्क भरडली जात असेल, किंवा प्रोसेस नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत बसली असेल, तर नाइस कितीही फिरवा, फरक शून्य.

'व्हीएमस्टॅट 1' चालवा आणि दहा-पंधरा ओळी येऊ द्या. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवते, ती सोडून द्या. 'आर' स्तंभात चालू असलेल्या आणि चालायला तयार असलेल्या प्रोसेसची संख्या असते. ती कोअरच्या संख्येपेक्षा सतत जास्त राहत असेल, तर सीपीयूसाठी खरोखर रांग लागली आहे. कोअर किती हे 'एनप्रॉक' सांगतं. 'बी' आणि 'डब्ल्यूए' वर चढलेले असतील तर दुखणं डिस्कचं आहे. 'एसआय' आणि 'एसओ' मध्ये सतत आकडे हलत असतील तर रॅमचं.

कर्नल 4.20 पासून याहून चांगली सोय आहे. 'कॅट /प्रॉक/प्रेशर/सीपीयू' चालवलं की 'सम' नावाच्या ओळीत मागच्या 10, 60 आणि 300 सेकंदांत किती टक्के वेळ कोणी ना कोणी सीपीयूसाठी ताटकळत होतं ते कळतं. तिथेच शेजारी मेमरी आणि आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) यांच्याही अशाच फायली असतात. मला लोड अ‍ॅव्हरेजपेक्षा हे तीन आकडे कितीतरी उपयोगी वाटतात, कारण लोड अ‍ॅव्हरेजमध्ये डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेससुद्धा मोजल्या जातात आणि त्यामुळे निदान फसतं.

पायरी 2: खाणारा कोण ते शोधा

'टॉप' उघडा आणि मोठं पी दाबा, म्हणजे यादी सीपीयूच्या वापरानुसार लागेल. 'एनआय' स्तंभात नाइस असतो. शेजारचा 'पीआर' हा कर्नलच्या हिशेबाचा आकडा, साध्या प्रोसेससाठी नाइसमध्ये 20 मिळवून येणारा. म्हणून नाइस 0 असेल तर पीआर 20 दिसतो. पीआरच्या जागी 'आरटी' किंवा उणे आकडा दिसला तर ती रिअल-टाइम प्रोसेस आहे. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मोठं एच दाबलं की प्रोसेसऐवजी एकेक थ्रेड वेगळा दिसतो. ब्राउझर, डेटाबेस, एन्कोडर अशा बहुथ्रेडी प्रोग्रॅमच्या बाबतीत हे पाहिलंच पाहिजे. कारण पाचव्या पायरीत कळेल.

वरच्या सीपीयूच्या ओळीत 'एनआय' नावाचा एक टक्काही असतो. नाइस वाढवलेल्या प्रोसेसवर सीपीयूचा किती वेळ गेला, तो हा आकडा. सीपीयू 100 टक्के व्यस्त आहे, पण त्यातले 80 टक्के या 'एनआय' मध्ये आहेत, असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते काम बाजूला व्हायला तयार असलेलं आहे.

पायरी 3: आधी एक छोटा प्रयोग

खऱ्या सर्व्हरला हात लावण्याआधी आपल्या मशीनवर पाच मिनिटांचा हा प्रयोग करून बघाच. एकाच टर्मिनलमध्ये या दोन कमांड द्या:

टास्कसेट -सी 0 एसएच -सी 'व्हाइल :; डू :; डन' &

नाइस -एन 10 टास्कसेट -सी 0 एसएच -सी 'व्हाइल :; डू :; डन' &

दोन्ही प्रोसेस काहीही न करता नुसत्या फिरत राहतात, आणि 'टास्कसेट' मुळे दोघींना क्रमांक 0 च्या एकाच कोअरवर बांधलेलं आहे. 'टॉप' मध्ये एक 90 टक्क्यांच्या आसपास आणि दुसरी 10 च्या आसपास स्थिरावलेली दिसेल.

झी-शेल वापरत असाल (शेल म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तर आकडे 0 आणि 10 ऐवजी 5 आणि 15 दिसतील. ते शेल पार्श्वभूमीला टाकलेल्या कामाचा नाइस मुळातच पाचने वाढवतं. वाटणी तरीही 90-10 च राहते, कारण अंतर दहाचंच आहे. अंतराचा मुद्दा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता दुसरी प्रोसेस बंद करा आणि तीच कमांड कोअर 1 वर बांधून पुन्हा सुरू करा. दोन्ही 100 टक्क्यांजवळ पोचतील. नाइस तोच, पण झगडाच उरला नाही, म्हणून परिणामही उरला नाही. 'नाइस लावलं, काही झालं नाही' या तक्रारींपैकी बऱ्याचशांचं उत्तर एवढंच असतं. झालं की 'जॉब्ज' ने यादी पाहून 'किल %1' अशा रीतीने दोन्ही प्रोसेस बंद करा, नाहीतर पंखा ओरडत राहील.

पायरी 4: काम सुरू करतानाच नाइस द्या

'नाइस -एन 15' लिहून पुढे नेहमीची कमांड लिहायची, की ती 15 च्या नाइसने सुरू होते. आकडा दिलाच नाही तर 10 धरला जातो. हा आकडा सध्याच्या नाइसमध्ये मिळवला जातो, म्हणजे आधीच 5 वर असलेल्या शेलमधून 'नाइस -एन 10' दिलं तर प्रोसेस 15 वर जाते. प्रोसेसने जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेसना तोच नाइस वारशाने मिळतो. बिल्ड सिस्टिमसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण 'मेक' ला एकदा नाइस दिला की त्याने सुरू केलेले सगळे कंपायलर आपोआप खाली जातात.

'नाइस -15' असं जुन्या पद्धतीने लिहू नका. तिथली रेघ वजाचं चिन्ह नसते, पर्यायाची खूण असते. वाचणारा उणे पंधरा समजतो आणि प्रत्यक्षात अधिक पंधरा लागू होतो. 'एन' लिहायची सवय ठेवा.

पाइपच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. 'नाइस -एन 15 टार' लिहून पुढे उभी रेघ आणि 'एक्सझेड' असं दिलं, तर नाइस फक्त 'टार' ला लागतो. 'टार' बिचारं फायली वाचून पुढे ढकलतं. सीपीयू खरा खातं ते कॉम्प्रेशन, आणि 'एक्सझेड' 0 वरच राहतं. सगळी साखळी 'नाइस -एन 15 एसएच -सी' नंतर अवतरणचिन्हांत द्या, किंवा प्रत्येक तुकड्याला वेगळा नाइस लावा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सर्वात सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीच्या ओळींतच 'रीनाइस -एन 15 -पी $$' लिहून टाकणं. दोन डॉलर म्हणजे चालू शेलचा स्वतःचा क्रमांक. त्यानंतर स्क्रिप्ट जे जे सुरू करेल ते खालच्याच प्राधान्याने सुरू होईल, आणि पुढे कोणी स्क्रिप्टमध्ये नवी पाइप घातली तरी काही बिघडणार नाही.

आकडा कोणता द्यायचा? 1, 2, 3 असे बारीक फरक करत बसण्यात अर्थ नाही. शेजारच्या दोन पायऱ्यांमधली वाटणी 55-45 ची असते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. काम लांबलं तर चालेल पण व्हायला तर हवं, असं असेल तर 10. कधीही झालं तरी चालेल, तर 19.

पायरी 5: चालू प्रोसेसचा नाइस बदलणं

'रीनाइस -एन 10 -पी 4821'. इथे 4821 हा प्रोसेसचा क्रमांक. उत्तरात जुना आणि नवा आकडा छापून येतो, तो वाचा. लिनक्सवरच्या नेहमीच्या 'रीनाइस' मध्ये हा आकडा थेट लागू होतो, आधीच्यात मिळवला जात नाही. म्हणजे 'नाइस' बेरीज करतं आणि 'रीनाइस' सरळ नवा आकडा ठेवतं. 'टॉप' मध्येच असाल तर लहान आर दाबूनही हेच करता येतं, आणि 'एचटॉप' मध्ये एफ7 आणि एफ8 या कळा आहेत.

साधा वापरकर्ता फक्त स्वतःच्या प्रोसेसचा नाइस बदलू शकतो, तोही वाढवण्याच्याच दिशेने. 0 वरून 10 वर नेलेली प्रोसेस परत 5 वर आणायला रूट लागतो. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर थेट 19 करण्याआधी एकदा थांबा. एखाद्या वापरकर्त्याला नाइसचा आकडा कमी करण्याची मुभा द्यायचीच असेल तर /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये त्याच्या नावापुढे 'नाइस' ची मर्यादा लिहिता येते. ती पुन्हा लॉगिन केल्यावर लागू होते.

उणे नाइस हवाच असेल तर 'सुडो नाइस -एन -5' लिहून प्रोग्रॅम सुरू करू नका. तसं केलं की अख्खा प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो, आणि प्राधान्यासाठी एवढी मोठी किंमत मोजायची गरज नाही. प्रोग्रॅम नेहमीसारखा सुरू करा आणि मग 'सुडो रीनाइस' ने त्याचा आकडा उतरवा.

आता थ्रेडचा मुद्दा. लिनक्समध्ये नाइस प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो. 'रीनाइस -पी' ला प्रोसेसचा क्रमांक दिला की फक्त त्या क्रमांकाचा, म्हणजे मुख्य थ्रेडचा नाइस बदलतो. आधीपासून पळणारे बाकीचे थ्रेड जिथल्या तिथे राहतात. सोळा थ्रेडच्या एन्कोडरला 'रीनाइस' केलं, 'टॉप' मध्ये 'एनआय' 10 झालेलाही दिसला, पण मशीन तसंच अडकलेलं, याचं कारण हे. सगळ्या थ्रेडना एकदम बदलायचं तर:

रीनाइस -एन 10 -पी $(एलएस /प्रॉक/4821/टास्क)

त्या टास्क फोल्डरमध्ये प्रत्येक थ्रेडचा क्रमांक असतो, आणि 'रीनाइस' एका वेळी अनेक क्रमांक घेतं. नंतर 'टॉप' मध्ये मोठं एच दाबून सगळ्यांचे आकडे बदललेत का ते बघा. या प्रोसेसने आधीच सुरू केलेल्या इतर प्रोसेसनाही हाच न्याय. त्यांना वेगळं गाठावं लागतं.

पायरी 6: आकडा बदलला, वाटणी बदलली नाही

तिसऱ्या पायरीतला प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी दोन प्रोसेस दोन वेगवेगळ्या टर्मिनलमधून सुरू करा. बऱ्याच मशीनवर 90-10 ऐवजी 50-50 दिसेल, एकीचा नाइस 10 असूनही! हा बिघाड नाही. कर्नल आधी गटांमध्ये वाटणी करतो आणि मग गटाच्या आत प्रोसेसमध्ये. नाइसची सत्ता फक्त गटाच्या आत चालते.

गट दोन प्रकारे पडतात. पहिला प्रकार ऑटोग्रुप. 2011 च्या कर्नल 2.6.38 पासून आलेल्या या सोयीत प्रत्येक टर्मिनल सेशनचा आपोआप एक गट होतो. एका टर्मिनलमध्ये वीस कंपायलर चालू असले तरी दुसऱ्यातला एकटा प्रोग्रॅम उपाशी राहू नये, हा त्यामागचा हेतू, आणि डेस्कटॉपवर तो चांगलाच साधतो. सुरू आहे की नाही हे /प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड या फाइलमध्ये 1 किंवा 0 वरून कळतं. बंद करण्याऐवजी गटाचाच नाइस बदलता येतो. 'इको 10' चा निकाल /प्रॉक/4821/ऑटोग्रुप या फाइलमध्ये पाठवा, म्हणजे ते अख्खं सेशन खाली जातं.

दुसरा प्रकार सीग्रुप, म्हणजे कर्नलमधला प्रोसेसचा गट. सिस्टिमडी (सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम, सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा सीग्रुप देतो. त्यावर सीपीयू कंट्रोलर लागू झाला की एका सर्व्हिसमधल्या प्रोसेसचा नाइस दुसऱ्या सर्व्हिसच्या तुलनेत निरर्थक ठरतो, आणि अशा वेळी ऑटोग्रुपचाही प्रश्न उरत नाही. कंटेनरचंही (वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्रॅमचंही) तेच. कंटेनरच्या आत बसून नाइस फिरवल्याने शेजारच्या कंटेनरला काही कळत नाही. तिथे गटाचं वजनच बदलावं लागतं.

आणखी एक कारण याहून साधं, पण हमखास नजरेतून सुटणारं. डेटाबेसचा डम्प काढणाऱ्या कमांडला नाइस लावला, तरी खरं काम डेटाबेस सर्व्हरची प्रोसेस करत असते, आणि ती तुमच्या शेलची अपत्य नसते. क्लायंटला खाली ढकलून सर्व्हरवरचा ताण हलत नाही.

पायरी 7: सर्व्हिससाठी कायमची व्यवस्था

'रीनाइस' चा परिणाम प्रोसेस जिवंत असेपर्यंत. रिस्टार्ट झालं की पाटी कोरी. म्हणून रोज लागणारी गोष्ट सिस्टिमडीच्या युनिटमध्ये लिहा. 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की एक रिकामी जोडफाइल उघडते. मूळ फाइल तशीच राहते, त्यामुळे पॅकेज अपडेट झाल्यावर तुमचा बदल पुसला जात नाही. तिथे चौकोनी कंसात 'सर्व्हिस' हा मथळा लिहून खाली या ओळी घाला:

नाइस=10

सीपीयूवेट=20

आयओशेड्यूलिंगक्लास=आयडल

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे शब्द मोठ्या-लहान अक्षरांच्या ठरलेल्या रूपातच लागतात. 'सिस्टिमडी.एक्झेक' आणि 'सिस्टिमडी.रिसोर्स-कंट्रोल' या मॅन पानांवरून ते जसेच्या तसे उचला.

यातला खरा ताकदवान शब्द सीपीयूवेट. त्याचा पट्टा 1 ते 10000, आणि न सांगितल्यास 100. एकाच स्लाइसमधल्या (सिस्टिमडीच्या एकाच मोठ्या गटातल्या) दोन सर्व्हिस सीपीयूसाठी झगडताना एकीचं वजन 100 आणि दुसरीचं 20 असेल, तर दुसरीला साधारण सहाव्या हिश्शाएवढा वेळ मिळतो, मग तिने आत दोन थ्रेड चालवो की दोनशे. नाइसमध्ये हे संरक्षण नाही. 10 च्या नाइसचे पुरेसे थ्रेड सुरू केले की ते मिळून 0 वाल्या एकट्या थ्रेडला सहज मागे टाकतात. म्हणून सर्व्हिस ते सर्व्हिस तुलना करायची असेल तर माझी पसंती वजनाला, आणि नाइस फक्त सर्व्हिसच्या आतल्या क्रमासाठी.

सीपीयूवेट आणि सीपीयूकोटा यांची गल्लत करू नका. वजन फक्त झगड्याच्या वेळी लागू होतं. कोटा ही कडक मर्यादा आहे. 50 टक्के लिहिलं तर अर्धा कोअर, 200 टक्के लिहिलं तर दोन कोअर, आणि मशीन पूर्ण रिकामं असलं तरी त्याच्या वर नाही. बॅकअपला कोटा लावला की रिकाम्या मशीनवरही तो उगाच लांबतो.

चालू सर्व्हिसचं वजन लगेच बदलून बघायचं असेल तर 'सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी' वापरा. रिस्टार्ट लागत नाही. पुढे दोन रेघा आणि 'रनटाइम' जोडलं तर बदल मशीन रीबूट होईपर्यंतच राहतो. आधी असा तात्पुरता प्रयोग, मग कायमची नोंद, हा क्रम चांगला.

डिस्कची रांग वेगळी

पहिल्या पायरीत दुखणं डिस्कचं निघालं तर 'आयओनाइस' बघा. त्यात तीन वर्ग आहेत: 1 रिअल-टाइम, 2 बेस्ट-एफर्ट, 3 आयडल. दुसऱ्या वर्गात 0 ते 7 अशा पायऱ्या असतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ही पायरी नाइसवरूनच ठरते. बॅकअपसाठी 'आयओनाइस -सी 3' पुढे 'नाइस -एन 19' आणि मग कमांड, ही जोडी नेहमीच्या वापरातली.

मात्र हे मानायचं की नाही हे डिस्कच्या शेड्यूलरवर अवलंबून असतं. /सिस/ब्लॉक मध्ये तुमच्या डिस्कच्या फोल्डरखाली क्यू आणि त्याखाली शेड्यूलर नावाची फाइल वाचा. चौकोनी कंसातला शब्द सध्याचा शेड्यूलर. 'बीएफक्यू' हे वर्ग नीट पाळतो. 'नन' असेल तर, आणि एनव्हीएमई डिस्कवर तो बऱ्याचदा असतो, आयओनाइसचा काही उपयोग होत नाही.

नाइसच्या पलीकडे: शेड्यूलिंगचे प्रकार

'सीएचआरटी -पी 4821' ने प्रोसेसचा शेड्यूलिंगचा प्रकार कळतो. बहुतेक सगळ्या 'शेड_अदर' मध्ये असतात. 'सीएचआरटी -आय 0' लिहून पुढे कमांड दिली की ती 'शेड_आयडल' मध्ये जाते. तिचं वजन 3, म्हणजे 19 च्या नाइसपेक्षाही पाचपट खाली, आणि साधी प्रोसेस जागी झाली की ती लगेच बाजूला होते. इंडेक्सिंग, थंबनेल, जुन्या लॉगची छाननी अशा कामांना यापेक्षा योग्य जागा नाही. रूटही लागत नाही.

'शेड_फिफो' आणि 'शेड_आरआर' हे रिअल-टाइम प्रकार. त्यांचं प्राधान्य 1 ते 99, आणि इथे आकडा मोठा म्हणजे प्राधान्य जास्त. साध्या प्रोसेसशी वाटणी वगैरे काही नाही. फिफो थ्रेड स्वतःहून थांबेपर्यंत किंवा त्याहून वरचा रिअल-टाइम थ्रेड येईपर्यंत कोअर सोडत नाही. ऑडिओ, मोटर नियंत्रण, मोजमापाची उपकरणं अशा ठिकाणी वेळ चुकली की काम वाया जातं, तिथेच हे शोभतं. वेब सर्व्हर 'फास्ट' करायला हे वापरू नका.

अशा थ्रेडमध्ये अंतहीन लूप शिरला तर मशीन पूर्ण हातचं जाऊ नये म्हणून कर्नल रिअल-टाइमला दर सेकंदाला 950 मिलिसेकंदांचीच मुभा देतो. शेड_आरटी_रनटाइम_यूएस या फाइलमध्ये ही 950000 मायक्रोसेकंदांची मर्यादा दिसते. ती -1 करून काढून टाकण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळेल. चाचणीच्या मशीनवर तरी तो ऐकू नका. उरलेल्या त्या पाच टक्क्यांतच तुमची 'किल' कमांड चालणार असते. शिवाय प्रयोगाआधी 'सुडो सीएचआरटी -एफ 50 बॅश' असं एक शेल उघडून ठेवा आणि प्रयोगाचा प्रोग्रॅम 10 वर चालवा, म्हणजे लगाम तुमच्या हातात राहील.

प्राधान्य वाढवण्यातला खोल धोका मंगळावर दिसला होता. 4 जुलै 1997 रोजी उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपणहून पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं. हवामानाची नोंद घेणारं खालच्या प्राधान्याचं टास्क एक कुलूप (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरून बसायचं. डेटा बस सांभाळणारं वरच्या प्राधान्याचं टास्क त्याच कुलुपासाठी थांबायचं. मधल्या प्राधान्याचं संपर्काचं टास्क मध्येच येऊन खालच्याला चालूच द्यायचं नाही. त्यामुळे खालच्याला कुलूप सोडता येईना आणि वरच्याला ते मिळेना. ठरल्या वेळेत बसचं काम झालं नाही की वॉचडॉग (वेळेवर नजर ठेवणारी यंत्रणा) सगळं रीसेट करायचा. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्या कुलुपासाठी प्राधान्याच्या वारशाची सोय होती (कुलूप धरणाऱ्याला, थांबलेल्याचं वरचं प्राधान्य तात्पुरतं मिळण्याची), फक्त ती बंद ठेवली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती सुरू केली आणि रीसेट थांबले.

याच कारणासाठी डेटाबेसच्या एखाद्या जड क्वेरीची प्रोसेस शोधून तिला 19 वर ढकलणं मला पसंत नाही. तिने धरलेल्या लॉकसाठी बाकीच्या क्वेरी थांबलेल्या असतील, तर ती जितकी हळू चालेल तितकी सगळ्यांची कोंडी वाढेल. तिथे क्वेरी सुधारा, नाहीतर रद्द करा.

विंडोज

इथे आकड्यांऐवजी सहा वर्ग आहेत: लो, बिलो नॉर्मल, नॉर्मल, अबव्ह नॉर्मल, हाय आणि रिअलटाइम. त्यांचे मूळ आकडे अनुक्रमे 4, 6, 8, 10, 13 आणि 24, एकूण पट्टा 0 ते 31. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबवर प्रोसेसवर उजवी क्लिक करून 'सेट प्रायॉरिटी' निवडा.

लिनक्सपेक्षा इथली वागणूक जास्त कडक आहे. वरच्या आकड्याचा थ्रेड तयार असेल तर खालच्याला टक्केवारीने वाटा मिळत नाही, तो थांबतो. फार काळ उपाशी राहिलेल्या थ्रेडना विंडोज अधूनमधून तात्पुरतं वर उचलतं, एवढाच दिलासा. म्हणून 'हाय' सुद्धा जपून वापरा आणि 'रिअलटाइम' ला हात लावू नका, कारण त्या वर्गातला अडकलेला प्रोग्रॅम सिस्टिमच्या स्वतःच्या थ्रेडनाही मागे सारू शकतो. जड प्रोग्रॅमला 'बिलो नॉर्मल' देणं हाच रोजचा उपाय.

कमांड प्रॉम्प्टवर 'स्टार्ट /बिलोनॉर्मल' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव, अशी सुरुवातही करता येते. प्रोग्रॅम बंद झाला की ही निवड विसरली जाते, त्यामुळे नेहमीच्या प्रोग्रॅमसाठी शॉर्टकटमध्येच ही कमांड घालून ठेवा. विंडोज 11 च्या टास्क मॅनेजरमधला 'एफिशियन्सी मोड' प्राधान्य उतरवतो आणि सोबत वीजही वाचवतो. पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमसाठी तो चांगला.

मॅकओएस

'नाइस' आणि 'रीनाइस' इथेही आहेत, पण सिस्टिमचा खरा भर कामाच्या दर्जावर आहे: यूझर इंटरॅक्टिव्ह, यूझर इनिशिएटेड, युटिलिटी आणि बॅकग्राउंड. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर बॅकग्राउंड दर्जाचं काम कमी वीज खाणाऱ्या कोअरवर ठेवलं जातं. त्यामुळे 'टास्कपॉलिसी -बी' लिहून पुढे कमांड दिली, तर ती निव्वळ नाइसपेक्षा कितीतरी जास्त बाजूला जाते. मात्र लिनक्ससारखं इथे रिकाम्या मशीनवर पूर्ण वेग मिळेल असं धरू नका. बाकी कोअर मोकळे असले तरी काम त्या छोट्या कोअरवरच राहतं. उद्या सकाळपर्यंत व्हायलाच हवं अशा एन्कोडला म्हणून 'टास्कपॉलिसी' नको, साधं 'नाइस -एन 10' द्या.